व वालाचा, न नाकाचा

गेल्या दिवाळीत, रोह्याला सासुरवाडीत असताना, माझा 'न' गेला. 'म'सुद्धा गेला होता, पण ते थोडं मागाहून लक्षात आलं. कुणाचं पाकीट जातं, कुणाची चप्पल जाते, माझी अक्षरं गेली. (अब्रूही गेली, पण ते पुढे येईलच.)

सुरुवात पेणला झाली. पेणला माझं रंगाचं दुकान आहे. इथले आणि हमरापूरकडचे गणपतीचे कारखानेवाले माझ्याकडून रंग, ब्रश, चमकी नेतात. गणपती होईपर्यंत मला जेवायला फुरसत नसते आणि गणपती गेले की माशा मारायलाही माशा नसतात. बायकोचं नेमकं उलटं. सुवर्णा ब्लाउज शिवते. दिवाळीच्या आधी तिची मान मशीनवरून वर होत नाही. म्हणून लेकीच्या बालवाडीत पालकांना बोलावलं तेव्हा मी एकटाच गेलो.

आमची ओवी साडेचार वर्षांची. घरात तिचं तोंड बंद नसतं. दूध गरम आहे म्हणून ती दुधाला रागावते, पाय दुखतो म्हणून स्टुलाला जाब विचारते. त्यामुळे तिच्याविषयी काय तक्रार असणार, ते मला माहीतच होतं. मी माफीची दोन वाक्यं तयार करून गेलो होतो.

बाई म्हणाल्या, "ओवी बोलत नाही हो."

"कुणाशी?"

"कुणाशीच. शाळा सुरू झाल्यापासून वर्गात एक शब्द काढलेला नाही. पाणी हवं असलं तरी सांगत नाही. बाटलीकडे नुसती बघत बसते. कुणीतरी ओळखून देईपर्यंत."

मी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं, पण बाकांवरच्या एवढ्या पालकांसमोर दुसरं काय करायचं ते सुचेना. घरी येताना मात्र ती बाटली डोळ्यांसमोरून हलेना. घरात स्टुलाशी भांडणारी पोर तिथे पाण्यासाठी तोंड उघडत नाही!

बाई चांगल्या होत्या. त्यांनी घाबरवलं नाही. म्हणाल्या, "रागावू नका, बोल बोल म्हणून मागे लागू नका. घरी खेळता खेळता अक्षरांचे आवाज घ्या. खाण्यातून घ्या, मुलांना आवडतं. पोहे म्हणताना पहिला आवाज कोणता येतो? प्‌. ओठ मिटतात आणि उघडतात. ताटात पीठ पसरायचं, बोटाने अक्षर काढायचं, आवाज म्हणायचा आणि मग खायचं. आवाजाची गंमत कळली की मूल आपण होऊन म्हणतं."

मला एकदम हुरूप आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, घरात पीठ होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ताटात तांदळाचं पीठ पसरून ओवीसमोर बसलो. बाजूला वाटीत पोहे.

"ओवी, बघ हं. प्‌. प्‌. पोहे!"

ओवीने पोहे खाल्ले.

"आता तू म्हण. पोहे. पहिला आवाज कोणता?"

"पो."

"पो नाही. प्‌."

"पण तू पो म्हणालास."

"पो मध्ये प आहे."

तिने वाटीत वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "कुठाय?"

मी भेंडी घेतली. भेंडीत भ आहे, हे तिला पटेना, तिथे भे आहे असं तिचं म्हणणं. चिंचेत च नसून चिं आहे. गुळात तर गु आहे, हे तिने इतक्या आनंदाने आणि इतक्या वेळा जाहीर केलं की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. चार दिवसांत आमच्याकडचं पीठ संपलं, मी सगळी मुळाक्षरं पिठात सुरेख काढायला लागलो आणि ओवीचं वजन वाढलं. बालवाडीत मात्र ती गप्पच. सुट्टी लागायच्या दिवशी बाईंनी दारातून माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. अजून नाही.

त्या संध्याकाळी सुवर्णा म्हणाली, "अहो, तिच्यात काही कमी तर नसेल ना?" मशीन बंद करून म्हणाली. सुवर्णा मशीन बंद करून बोलते म्हणजे ती खरंच घाबरलेली असते.

"काही कमी नाही," मी म्हणालो. "रोह्याला चार दिवस आहेत. मी बघतो."

तर असा मी रोह्याला निघालो. एसटीतसुद्धा शिकवणी चालू ठेवली. वाटेत गडब गाव आलं तसा मी ओवीकडे वाकून म्हणालो, "ग्‌... ग्‌... ग्‌..." पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी घाईघाईने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि कंडक्टरला ओरडून सांगितलं, "ओ, यांना खिडकीत बसवा, यांना उलटी होत्येय!" सगळी एसटी माझ्याकडे बघायला लागली. ओवीने तोंड सुवर्णाच्या पदरात घातलं ते रोहा येईपर्यंत बाहेर काढलं नाही.

सासूबाई साध्या, पण बोलण्याला धार. त्या चकल्या पाडत होत्या. मी हातपाय धुतले आणि म्हणालो, "आई, सोऱ्या जरा माझ्याकडे द्या. ओवीला अक्षरांच्या चकल्या करून देतो."

"जावई, कढईत तेल उकळतंय."

"काही होत नाही."

मी थेट तेलावर 'अ' पाडला. पिठात माझा 'अ' छापल्यासारखा यायचा, तेलात त्याची काडी एकीकडे गेली, पोट दुसरीकडे आणि उरलेला भाग बुडाला. मग 'श' पाडला, मग 'ळ'. झाऱ्याने सगळं गोळा करून मी ताटात काढलं.

सासूबाईंनी ते निरखून बघितलं. "जावई, ह्यो काय अ नाय. ही शेव हाय."

ओवी शेव खात बसली. आजीशी भरभरून बोलली, चकलीशी बोलली, अक्षराचं नाव काढलं की गप्प. मी सोऱ्या परत दिला.

दुसऱ्या दिवशी वालाचं बिरडं होतं. आमच्याकडे बिरडं म्हणजे आदल्या दिवसापासूनची तयारी. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून सगळ्यांनी मिळून सोलायचे. दुपारच्या आधी आम्ही चौघं टोपाभोवती बसलो. सालं एकीकडे, सोललेले वाल परातीत. पांढरे, गुळगुळीत, दाबलं की बोटातून निसटून उडणारे. ओवीला ते फार आवडले. मी संधी साधली. ताटात वालांचाच 'व' मांडला.

"व्‌. बघ, खालचा ओठ दातांना लागतो. व्‌. वाल."

ओवी गंभीर झाली. ताटाकडे बघत बसली. मला वाटलं, लागली! आज लागली! मी टोपातून आणखी वाल घेण्यासाठी वळलो, आणि पुन्हा बघतो तर 'व'च्या पोटाला भोक.

"ओवी, इथला वाल कुठे गेला?"

ओवीने बोट उचललं आणि आपल्या नाकावर ठेवलं.

सासूबाई ओरडल्या, "गो बाय माझे! गो सुवर्णे, पोरीने नाकात वाल घातलान!"

सुवर्णाने तिची हनुवटी वर केली. डाव्या नाकपुडीत, आत, पांढरं काहीतरी दिसत होतं. हात लावावा तर आणखी आत जाईल. मला घाम फुटला. श्वासाबरोबर वर गेला तर? छातीत गेला तर? आणि हे सगळं तिला 'व' यावा म्हणून!

"कुणी हात लावू नका," सुवर्णा म्हणाली. "ओवी, दुसरी नाकपुडी दाब आणि जोरात शिंकर. फूऽऽ कर नाकाने."

ओवीने नाकाने आत ओढलं.

"आत नाय गो, बाहेर!" सासूबाई किंचाळल्या.

लहान मुलांना नाक शिंकरता येत नाही, ते त्यांना शिकवावं लागतं. आणि घरात शिकवण्याचं खातं माझ्याकडे होतं. मी पुढे सरसावलो.

"ओवी, बाबाकडे बघ. तोंड मिटायचं. ही नाकपुडी दाबायची. आणि फूऽऽ!"

ती शांतपणे बघत होती. म्हणाली, "तुझ्या नाकात कुठे वाल आहे?"

आता मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी ते मला अत्यंत बरोबर वाटलं. पोर घाबरलेली, वेळ थोडा, आणि तिला उदाहरण हवं होतं. मी परातीतून एक वाल उचलला. तिला नीट दिसावा म्हणून चांगला टपोरा निवडला. आणि नाकपुडीत बसवला.

"अहो!" सुवर्णा म्हणाली.

"थांब गं. बघ ओवी. आता दुसरी दाबायची..."

ओवीने माझं बघून दुसरी नाकपुडी दाबली, तोंड मिटलं, डोळे घट्ट मिटले आणि फूऽऽ केलं. ताडकन वाल बाहेर! तो थेट सासूबाईंच्या मांडीवर पडला. सुवर्णाने तिला छातीशी धरलं. सासूबाईंनी देवाला हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी छाती भरून श्वास घेतला, "शाब्बास!" म्हणायला.

नाकाने घेतला.

वाल वर गेला. कुठे गेला ते कळलं. डोळ्याच्या मागे कुठेतरी दार लावल्यासारखं झालं. माझी दुसरी नाकपुडी आमच्या रंगांच्या भुकटीमुळे बारमाही चोंदलेली असते, त्यामुळे आता दोन्ही बाजू बंद. मी गुपचूप मोरीत जाऊन शिंकरलं. नाही. पुन्हा शिंकरलं. कानात दडा बसला, वाल जागचा हलला नाही.

आता हे सांगायचं कसं? पोरीला नुकतं सगळ्यांनी मिळून बजावलं होतं, नाकात काही घालायचं नाही म्हणून. मी ठरवलं, गप्प बसावं, निघेल आपोआप. जेवायला बसलो. सासूबाई भात घेऊन आल्या.

"भात वाढू, जावई?"

"दको," मी म्हणालो.

"काय?"

"दको, आई. आबटी वाढा थोडी."

सासूबाईंचा हात तसाच राहिला. सुवर्णाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून तिने मला अनेक चुका करताना बघितलंय, त्यामुळे तिला वेळ लागला नाही.

"अहो. तुमचा वाल कुठाय?"

"बला काही दाही झालं," मी म्हणालो.

आणि तेव्हा ओवी ताटावरून उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायला लागली.

"बाबा, परत बोल."

"काय बोलू?"

"नको म्हण."

"दको."

"द नाही," ती म्हणाली. "न. न्‌. नको."

"द्‌. दको."

"न्‌!" तिने माझी हनुवटी धरली. "नाक म्हण."

"दाक."

"आमटी."

"आबटी."

"ब नाही रे! म्‌!" तिने ओठ मिटून दाखवले. "म्‌ऽऽ. असं. नाकातून येतो तो. तुझ्या नाकात वाल आहे म्हणून येत नाही."

आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. पिठात, पोह्यात, भेंडीत सापडला नव्हता तो पहिला आवाज तिला माझ्या नाकात सापडला होता. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

दिवाळीचे दिवस, त्यात दुपार. दोन दवाखाने बंद मिळाले. उघडा मिळाला तो लहान मुलांचा. भिंतीवर जिराफ, बाकावर आया आणि त्यांच्या मांडीवर रडणारी पोरं. खोकलेवाली, फटाक्याने बोट भाजलेली. टेबलाशी कंपाउंडर बसले होते. त्यांनी ओवीकडे बघितलं.

"काय झालं हिला?"

"हिला दाही," मी म्हणालो. "बला."

"नाव?"

"बिलिंद."

"बिलिंद?" त्यांनी तसंच लिहिलं. "काय होतंय?"

"दाकात वाल गेलाय."

"दाकात?"

"दाकात हो! दाकात!" मी नाकाकडे बोट दाखवलं.

"सर्दी आहे का?"

"सर्दी दाही! वाल!"

बाकावरची पोरं रडायची थांबली. मी मदतीसाठी सुवर्णाकडे बघितलं, पण सुवर्णा भिंतीकडे तोंड करून उभी होती. रस्ताभर दाबून धरलेलं हसू आता तिला अनावर झालं होतं. पदराचा बोळा तोंडात आणि डोळ्यांतून धारा. तिच्याकडून एक अक्षर निघण्याची आशा नव्हती. कंपाउंडरांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, नीट सांगा तरी!"

तेव्हा माझा शर्ट कुणीतरी बाजूला सारला. ओवी टेबलापाशी गेली. तिची हनुवटी जेमतेम टेबलाच्या कडेला पोचत होती.

"नाकात," ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "न. नाकात. माझ्या बाबांच्या नाकात वाल आहे. त्याला न येत नाही म्हणून तो द म्हणतो. त्याचं नाव मिलिंद आहे. म."

माझ्या पाठीमागचं हसणं थांबलं. मी वळून बघितलं. सुवर्णाने तोंडातला पदर काढला होता. डोळ्यांतून अजून पाणी येत होतं, पण आता ते वेगळं होतं. एवढ्या अनोळखी माणसांत ओवी बोलत होती. बाकावरच्या एका आजींनी विचारलं, "कुणी गो घातला वाल?" आणि ओवी त्यांच्याकडे वळून म्हणाली, "त्यानेच घातला. मला शिकवायला." मग दुसरीने विचारलं, मग तिसरीने. सगळ्यांना तिने पहिल्यापासून नीट सांगितलं, चकलीसकट. मी बाकाच्या टोकाला दोन पोरांच्या मध्ये अंग चोरून बसलो होतो. कुणीही काहीही विचारो. मला त्या क्षणी कसलीच लाज वाटली नाही. (ती घरी गेल्यावर वाटली. अजून वाटते.)

डॉक्टरबाईंनी मला जिराफाच्या चादरीच्या छोट्या पलंगावर निजवलं. माझे पाय गुडघ्यापासून खाली लोंबत होते. त्यांनी कपाळावर दिवा लावला, आत बघितलं आणि म्हणाल्या, "अरे वा, मोठा आहे."

"टपोरा दिवडला होता," मी म्हणालो.

"त्याने निवडला होता," ओवीने त्यांना समजावून सांगितलं.

बारीक आकड्याने त्यांनी तो काढला. फुगून चांगला जाडजूड झाला होता. ट्रेमध्ये पडला तेव्हा टक्‌ असा आवाज आला. माझं डोकं एकदम मोकळं झालं, जिराफाचा, औषधाचा, सगळ्याचा वास आला.

"बोल," ओवी म्हणाली.

"नाक," मी म्हणालो. "आमटी. नको. मिलिंद."

तिने मान डोलावली. डॉक्टरबाईंनी बरणीतून एक चॉकलेट तिला दिलं आणि हाताच्या सवयीने दुसरं मला दिलं. आतून थोडं खरचटलं होतं म्हणून औषध लिहिलं. घरी येऊन बघतो तर कागदावर नाव 'बिलिंद', वय 'साडेचार'. कंपाउंडरांनी ओवीला विचारलं असणार.

सुट्टी संपून बालवाडी उघडली. पहिल्या दिवशी मी ओवीला सोडलं आणि दुकान न उघडता समोरच्या झाडाखाली उभा राहिलो. आतून कविता ऐकू येत होत्या, मग गलका, मग एकदम शांतता. आणि त्या शांततेत एकच आवाज. काय बोलत होती ते कळत नव्हतं. पण थांबत नव्हती. मधेच सगळा वर्ग खदाखदा हसला. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. घरी जाऊन सुवर्णाला सांगितलं, तर तिने मशीन बंद केलं आणि डोळे पुसले.

दुपारी घ्यायला गेलो तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. चेहरा अगदी गंभीर.

"बोलली," त्या म्हणाल्या. "पाणी मागितलं. आणि मग तुमची सगळी हकिकत सांगितली. मुलांना 'न' इतका पक्का झालाय की आता पुसायचा म्हटला तरी पुसणार नाही."

"बरं झालं," मी म्हणालो.

"पुढच्या आठवड्यात आपण 'क' घेतोय. कानाचा. मुलं विचारतायत, ओवीचे बाबा येणार का, आणि कानात काय घालणार."

मी दुकानात फार गर्दी असते म्हणून सांगितलं आणि ओवीचा हात धरून निघालो. घरी पोचलो तर सुवर्णा स्टुलावर चढून वाटाण्याचा डबा, हरभऱ्याचा डबा, चवळी, राजमा, सगळं उचलून माळ्यावर ठेवत होती.

"ओवीचा हात पोचू नये म्हणून?" मी विचारलं.

"ओवीला कळतं आता," ती वरूनच म्हणाली. "तुमचा."